मागं येताय न्हवं?

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर माझ्या पुढे एक पाठ उभी होती आणि त्या पाठीवर माझं वाक्य छापलेलं होतं.

‘घाई असंल तर फुडं व्हा.’

माझं म्हणजे अगदी माझंच! माधवनगरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी स्वतः फ्रेम धरून ते छापलं होतं. शाई ओढताना हात जरा हलला होता आणि शेवटच्या अक्षराचा काना पुसट आला होता... तो पुसट कानासुद्धा समोर दिसत होता. पाठ उंच, रुंद. मानेवरचे केस पावसानं ओले. डाव्या खांद्यावर चक्क घोड्याचं खोगीर. दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस साताऱ्यातून हलायला तयार नव्हता आणि स्टँडभर ओल्या चामड्याचा, डिझेलचा, भज्यांचा वास एकत्र झाला होता.

मी तशी रडवेलीच उभी होते. सकाळी सांगलीहून सॅम्पलची पिशवी घेऊन आले होते आणि इथल्या एका दुकानदारानं ती धड न उघडताच परत केली होती. वर म्हणाला, "ताई, असलं गावठी कोण घालतंय? इंग्लिशमधी कायतरी छापा की." कोण घालतंय म्हणे! हा काय, हा घालतोय... माझ्यापासून हातभर अंतरावर!

त्याला हाक मारावी... ‘ओ, हा शर्ट मी केलाय’ असं सांगावं... हात अर्धा वर गेला आणि तसाच खाली आला. तेवढ्यात महाबळेश्वरची गाडी लागली. लोक दाराकडे धावले. एक मावशी त्याला ढकलून पुढे घुसायला लागल्या, तसा तो बाजूला सरकला आणि हसत म्हणाला, "व्हा फुडं मावशी. पाठीवर लिवलंयच तसं."

आवाज मऊ होता, जरासा बसलेला. तो सगळ्यांत शेवटी चढला. मी मोबाईल काढून घाईघाईनं त्या पाठीचा फोटो घेतला आणि गाडी निघून गेली. चेहरा दिसलाच नाही.

आता माझ्याविषयी सांगते. मी सुमैरा. माझे अब्बा म्हणजे वजीर मास्तर. त्यांनी आयुष्यभर शाळांचे पी.टी.चे टी-शर्ट शिवले. मग एकेक शाळा मोठ्या पुरवठादाराकडे गेली आणि आमच्या मशिनींवर चादर पडली. एक दिवस एक दलाल येऊन त्या मशिनींवरून हात फिरवून गेला, बाजारात म्हशीवरून फिरवतात तसा. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. मी म्हटलं, "अब्बा, उन्हाळ्यापर्यंत थांबा. मी ऑनलाइन विकून बघते." त्यांनी थोडा विचार केला आणि एकच अट घातली, माझा चेहरा इंटरनेटवर दिसता कामा नये.

ठीक आहे, माझा नाही तर कुणाचाच नको! मी वाक्यं पाठीवर छापायला लागले. आपल्याकडची, आपण बोलतो तशी. पेजचं नाव ठेवलं ‘पाठीवर’. ज्यानं शर्ट घेतला त्यानं तो घालून पाठमोरा फोटो पाठवायचा आणि मी तो पेजवर टाकायचा. मॉडेल नको, स्टुडिओ नको. जाहिरातीला पैसे नव्हतेच. फोन रोज विचारायचा, पैसे भरून ही पोस्ट बूस्ट करायची का? पुण्याचा माझा मामेभाऊ तारिकही तेच म्हणायचा. "आपा, बूस्ट केल्याबिगर कुत्रंबी बघत न्हाई." आणि खरंच, तोवर माझं पेज माझ्या आत्या, मावश्या, तारिक आणि एखाददुसरं गिऱ्हाईक एवढेच बघत होते.

त्या संध्याकाळी मी साताऱ्याची ती पाठ पेजवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘ही पाठ कुणाची? मालकानं ओळख पटवून घेऊन जावी.’

लोकांना काय वाटलं कोण जाणे. कऱ्हाडच्या पोरांनी विट्याच्या पोरांना टॅग केलं, विट्याच्यांनी इस्लामपूरला. जो तो म्हणत होता, ही पाठ आमच्या गावची! दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला.

‘पाठ माझी हाय.’

‘पुरावा?’ मी लिहिलं.

‘खांद्यावर खोगीर हाय. ते राणीचं हाय. राणी माझी घोडी. शिलाई उसवली हुती म्हणून साताऱ्याला आल्तो.’

‘नाव?’

‘घोडीचं सांगितलं की.’

मी एकटीच खुदकन हसले. अम्मीनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं.

‘पाठीचं नाव विचारतीय.’

‘मतीन. पाचगणी. टेबललँडवर घोडी फिरवतो. शर्ट माझ्या दोस्तानं, हंबीरनं मागवला हुता, त्याला घट्ट झाला, म्हणून माझ्याकडं आला. आणि वाक्य कुणाचं?’

‘सुमैरा. माधवनगर.’

‘तुमी माझ्या मागंच हुब्या हुता?’

‘होते.’

‘मग हाक का न्हाई मारली?’

आता याला काय सांगायचं? मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं, ‘तुम्ही घाईत होता.’

‘मी? शर्ट वाचला न्हाई व्हय तुमी?’

मी फोन उलटा ठेवला आणि दोन्ही हातांनी शाईची फ्रेम पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

मतीननंच मला माझा धंदा समजावला. म्हणजे शिकवायला म्हणून नव्हे, गप्पांत. त्यानं आवाजात निरोप पाठवला, मागे वारा आणि टापांचा आवाज होता. "आवं, आमच्या धंद्यात गिऱ्हाईक घोड्यावर बसतं आणि आमी कासरा धरून फुडं चालतो. पूर्ण फेरी त्ये बिचारं आमची पाठच बघतं. डोंगर बघायला आल्यालं मानूस, आणि पाठ बघून जातं. मग पाठीवर कायतरी वाचाय तरी असू द्या की."

मी आनंदानं उडालेच. अख्खी फेरी समोर पाठ! याहून चांगली जाहिरात कुठली? मी विचारलं, "काय छापू?"

"माझे अब्बा गिऱ्हाईकाला घोड्यावर बसवत्यात, कासरा धरत्यात आणि वळून न बघताच इचारत्यात, मागं येताय न्हवं? आता घोड्यावर बसल्यालं मानूस कुठं जानार? पर माझ्या जन्माआधीपासनं त्यो एकच इनोद चाललाय आणि एकच मानूस हसतं."

"कोण?"

"अब्बा."

मी तेच छापलं. ‘मागं येताय न्हवं?’ काळ्यावर पांढरं, टपोरं. मतीननं तो शर्ट घालून राणीच्या पुढे उभं राहून फोटो काढून घेतला. पलीकडे दरी, खाली धुकं, वाऱ्यानं शर्ट जरा फुगलेला... आणि डावा खांदा किंचित खाली, कासरा धरून धरून तसाच झालेला. तो फोटो मी पेजवर टाकला आणि मग मागण्या यायला लागल्या.

किती म्हणून सांगू! उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मागवला, कारण त्यांच्यामागे दोन ट्रॉल्या असतात. कडेगावच्या एका नवरदेवानं हळदीला घातला. सुट्टीवरून परत गेलेल्या एका फौजीनं बर्फातून पाठमोरा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अख्खी तुकडी मागं हाय.’ टेबललँडवर फेरी मारून गेलेले पर्यटक हॉटेलवर पोचायच्या आत पेज शोधायचे. बूस्टचं बटण बिचारं रोज विचारत राहिलं, मी रोज नको म्हणत राहिले. अब्बांनी मशिनींवरची चादर काढली, तेलाचे थेंब सोडले. दलाल पुन्हा आला तेव्हा अम्मीनं त्याला दारातच पाणी देऊन वाटेला लावलं. घरात आम्ही दखनीत बोलतो, पण अम्मी रंगात आली किंवा चिडली की सरळ सांगलीच्या मराठीवर येते. "मशिनी इकायच्या न्हाईत. पानी पिऊन घ्या आणि निघा."

त्या दिवशी अब्बा किती तरी वेळ मशीनवर बसून होते. मशीन चालू नव्हतं, नुसतेच बसले होते. मला केवढं हायसं वाटलं!

आणि मतीन? तो रोज एक फोटो पाठवायचा. कधी वाईच्या घाटावर, कधी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत, कधी राणीला पाणी पाजताना. दर वेळी पाठमोरा. पेजसाठी असायचे ते. पण सगळे काही मी पेजवर टाकायचे नाही... काही माझ्यापाशी ठेवायचे.

"एकदा वळून तरी बघा," मी एकदा आवाजात म्हटलं. म्हणजे धाडसानं म्हटलं आणि लगेच घाबरले.

त्याचा निरोप यायला वेळ लागला. "तुमच्या पेजची अट हाय. चेहरा न्हाई."

"पेजसाठी नको."

"मग कुनासाठी?"

मी आवाजाचं बटण दाबलं आणि तसंच सोडून दिलं. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "माझा चेहरा बघून शर्ट इकायचे बंद झाले तर?"

"एवढा वाईट हाय?"

"राणीची तक्रार न्हाई."

अशी आमची गंमत चालायची. त्याला माझा आवाज पाठ झाला होता आणि मला त्याची पाठ. एवढ्यावर कुणी प्रेमात पडतं का? अहो, मी पडले.

संक्रांत झाली आणि एक दिवस फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप पाठवला, तो पोचलाच नाही. फोन लावला, बंद. मी स्वतःला समजावलं, डोंगरात रेंज नसते. मग समजावणं संपलं. पेजवर लोक विचारायला लागले, ‘ती टेबललँडची पाठ कुठं गेली?’

त्यावर कुणीतरी लिहिलं, ‘लगीन ठरलं असंल.’

झालं! त्याच्या खाली ‘अभिनंदन दादा’. त्याच्या खाली ‘मुबारक हो भाई’. मग ‘कवा हाय?’ आणि ‘जेवायला बोलवा की, आमीबी मागंच हाय’. वाईची संयोगिता, माझी जुनी गिऱ्हाईक, तिनं तर मला वेगळा मेसेज केला, ‘पोरगी कुठली म्हणं?’ संध्याकाळपर्यंत बातमी कोल्हापूरच्या पुढे गेली होती. एका माणसाचा नुसता अंदाज, पण माझ्याच पेजवर, माझ्याच लोकांनी, एक रुपया खर्च न करता असा पसरवला की मलाही तो खरा वाटायला लागला. आणि बरोबरच होतं की. चांगला मुलगा, स्वतःची घोडी. ठरणारच. मी त्याची कोण? टी-शर्टवाली.

त्यात नव्या नंबरवरून मागणी आली. तोच हंबीर, ज्याला शर्ट घट्ट झाला होता. त्याची टेबललँडवर चहाची टपरी होती. ‘इथल्या समद्या घोडेवाल्यांना पाहिजेत. वाक्य त्येच. मागं येताय न्हवं.’

मी धीर करून विचारलं, ‘मतीन कसे आहेत?’

‘हाय की. जरा अडचनीत हाय. येळ न्हाई त्याला.’

लग्नाच्या घरात कुणाला वेळ असतो? मी शर्ट छापले, घड्या घातल्या, पोस्टानं पाठवले. मग हंबीर फोटो पाठवायला लागला. जाड पाठी, बारीक पाठी, वाकलेल्या पाठी, सगळ्यांवर ते एकच वाक्य. मी एकेक फोटो मोठा करून बघायचे. त्यांत ती नव्हती. मागण्या वाढतच होत्या आणि मी फ्रेमपाशी बसून डोळे पुसत होते. मतीननं मला असं इतरांच्या हवाली करून टाकलं, याचंच जास्त लागलं.

मग हंबीरनं कळवलं की दोन शर्ट लहान पडले, बदलून हवेत. पोस्टानं गेले असते. पण मी पिशवी भरली आणि चप्पल घातली.

"कुठं?" अम्मीनं विचारलं.

"पाचगणीला. शर्ट बदलून द्यायचेत."

अम्मीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पदराला हात पुसले. "मीबी येते. स्ट्रॉबेरी खाऊन लय दिवस झाले."

माझ्या माहितीत अम्मीनं स्ट्रॉबेरी कधी खाल्लेली नव्हती. मी तिची चप्पल पुढे ठेवली.

सांगली, सातारा, वाई... गाड्या बदलत आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन होतं, पण वारा असा बोचरा की अम्मीनं पदर कानाभोवती आवळून घेतला. टेबललँड म्हणजे नुसतं सपाट पठार, वाळलेलं गवत आणि वर मोकळं आभाळ. आणि पठारभर माझे शर्ट!

जिकडे बघावं तिकडे तेच. एक घोडा, त्याच्यापुढे एक पाठ, पाठीवर ‘मागं येताय न्हवं?’ पर्यटक हसत होते, फोटो काढत होते. माझ्या जागी दुसरी असती तर आनंदानं नाचली असती. मी मात्र घाबरले. इतक्या पाठींत मी त्याला शोधणार कशी? त्याचं दुसरं काहीच मला माहीत नव्हतं.

हंबीरची टपरी गर्दीनं भरली होती. बाकावर शाल पांघरून, कानटोपी घालून एक आजारी माणूस वाटेतच पाय पसरून बसला होता. "ओ दादा, जरा पाय घ्या," म्हणत मी त्याला ओलांडून पुढे गेले. हंबीरच्या हातात शर्ट दिले, अम्मीला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि निघाले पाठी शोधायला. ही? नाही, ही फार रुंद. ती? तिचे खांदे सरळ. आणि मग दिसली... राणी! राणीचा कपाळावरचा पांढरा ठिपका मी फोटोत कितीदा तरी बघितला होता. तिच्यापुढे कासरा धरलेली उंच पाठ, डावा खांदा किंचित खाली.

मी अगदी मागे जाऊन उभी राहिले. या वेळी हात खाली घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. खांद्याला हात लावायचा धीर झाला नाही, पण तोंड सुटलं.

"वळू नका. आधी मला बोलू द्या. इतके दिवस एक फोटो न्हाई, एक शब्द न्हाई. लगीन ठरलं तर सांगायचं तरी! लोकांकडनं कळावं व्हय मला? मी काय आडवी आले असते? मी मुबारक म्हटलं असतं. घरी जाऊन रडले असते, पर तुमाला मुबारक म्हटलं असतं. साताऱ्याच्या स्टँडवर हाक मारली न्हाई, त्याची शिक्षा भोगतीय मी. तवाच हाक मारली असती तर... तुमी दुसऱ्या कुनाचे झाला नसता."

पाठ क्षणभर हलली नाही. मग हळूच वळली.

पांढरी दाढी. सुरमा घातलेले डोळे. साठी उलटलेले एक बुजुर्ग माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. डावा खांदा तोच, किंचित खाली... आयुष्यभर कासरा धरून झालेला. मुलाला तो वारशानंच आला होता.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? टेबललँडचा खडक फार घट्ट आहे.

"तू माधवनगरची ना पोरी? मास्तरची?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले आणि दाढीवरून हात फिरवला. "हे बघ. मी माझ्या पोराचं लगीन कुठंबी ठरवल्यालं न्हाई. पर आता ठरवावं म्हनतो."

"सुमैरा..."

तो आवाज. मऊ, जरासा बसलेला. मी गर्रकन वळले. टपरीवरचा शालवाला माणूस धडपडत उठून आमच्यापर्यंत आला होता. कानटोपी काढून हातात धरलेली. उजवा हात गळ्यात बांधलेला. सावळा, टोकदार नाकाचा, डोळ्यांत हसू मावत नसलेला चेहरा. मी या चेहऱ्याला ओलांडून गेले होते!

"तुमी... तिथं बसला होता? मग ओळख का न्हाई दिली?"

"आवाज तुमचाच वाटला," मतीन म्हणाला. "पर तुमी मला दादा म्हनाला. म्हटलं, ती मला दादा कशाला म्हनंल? मग अब्बांना झापताना ऐकलं, तवा खातरी पटली."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसायला लागला आणि लगेच कळवळून बरगडी धरून वाकला. "हसवू नका. दुखतं. आणि दादा म्हनालात ते आधी मागं घ्या."

"घेतलं!" मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं. "काय झालं तुमाला?"

झालं होतं असं की कुणा पर्यटकानं ड्रोन उडवला, तो घोंगावत राणीच्या कानाजवळून गेला आणि राणी बिथरली. वर एक लहान मुलगी बसली होती. मतीननं कासरा सोडला नाही. मुलगी वाचली. तो खडकावर आपटला, खांद्याचं हाड मोडलं, बरगड्या दुखावल्या आणि राणीच्या टापेखाली फोनचा चुरा झाला. लग्नाचं नावसुद्धा नव्हतं. लग्न नव्हतं! मी तिथेच गवतावर बसले.

"हंबीरच्या फोनवरनं एक शब्द धाडता येत नव्हता?" मी खालूनच विचारलं.

तो माझ्यापासून जरा अंतर ठेवून सावकाश खाली बसला.

"काय धाडू? तुमच्या पेजला पाठ लागती. माझी पाठ पट्ट्यात बांधल्याली, चार पावलं चालंना. मला वाटलं, तुमी बोलता त्ये शर्टापायी. पाठच न्हाई म्हटल्यावर..." तो थांबला. "पर धंदा थांबाय नको हुता. मशिनी पुन्हा झाकाय नको हुत्या. म्हणून समद्यांना शर्ट घालाय लावले. हंबीरला म्हटलं, माझं कायबी सांगू नगो. त्यांना दुसरी पाठ मिळंल."

"मला दुसरी पाठ नको."

हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की राणीनं कान टवकारले. मतीनचे अब्बा घाईघाईनं तिच्या मानेवरून हात फिरवायला लागले, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही.

"मग?" मतीननं हळूच विचारलं.

"मग काय? पाठ बरी होईल तवा होईल. मला... मला तोंड बघायचं होतं."

"बघितलं की. कसं हाय?"

"राणीची तक्रार न्हाई, तर माझी कशी असंल?"

तो पुन्हा हसला, पुन्हा बरगडी धरली. मग माझ्याकडे न बघता गवताची काडी मोडत म्हणाला, "सुमैरा, मला तुमी आवडता. तुमचा आवाज आला न्हाई की दिस जात न्हाई. पडून हुतो तवा दुखण्यापरीस त्येचाच तरास लय झाला." आणि मग वर बघितलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. "तुमचं सांगा."

"तुमच्या अब्बांना सगळं सांगून झालंय," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

मी फोन काढला आणि त्याचा फोटो घेतला. चेहऱ्याचा. विस्कटलेले केस, गळ्यातला हात, पाणावलेले डोळे. "हा पेजवर जायचा न्हाई," मी बजावलं.

"मग कुनासाठी?" त्यानं विचारलं. तोच प्रश्न. या वेळी मी उत्तर दिलं.

"माझ्यासाठी."

टपरीवर अम्मी स्ट्रॉबेरीचा द्रोण घेऊन बसली होती. मतीनचे अब्बा तिच्याशी जाऊन काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण अम्मीनं द्रोण खाली ठेवला, पदर सारखा केला आणि एकदा लांबूनच मतीनला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून घेतलं. मग आमच्याकडे आली. मला वाटलं, आता ही मराठीवर येणार. आलीच.

"पोराचं हाड बसाय किती दिवस लागतील म्हनला डाक्टर?"

"उन्हाळा लागायच्या आत बसंल," मतीन घाईनं उठायला गेला.

"बसा बसा. हाड बसलं की मगच माधवनगरला या, घरच्यांना घेऊन. आमचं मास्तर धडक्या मानसाशीच बोलत्यात." आणि मग एकदम खालच्या आवाजात राणीकडे बघत म्हणाली, "ही घोडी लाथ मारती का वं? न्हाई म्हंजे... मला एकदा बसायचं हुतं."

अम्मीला राणीवर चढवायला मतीनचे अब्बा, हंबीर आणि एक स्टूल लागलं. उतरत्या उन्हात पठार लालसर झालं होतं. खाली वाईच्या बाजूला धुक्यात कृष्णेचं वळण चमकत होतं. अब्बांनी कासरा माझ्या हातात दिला. मतीन उजवा हात सांभाळत राणीच्या मागे उभा राहिला, कारण डॉक्टरांनी कासरा धरायचा नाही असं सांगितलं होतं. म्हणजे पुढे मी, मागे तो, आमच्यामध्ये घोडी आणि घोडीवर अम्मी, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून.

मी चालायला लागले. आज पहिल्यांदा त्याच्यासमोर माझी पाठ होती. त्यावर काही छापलेलं नव्हतं, तरी तो वाचतोय असं मला वाटत होतं. वळून बघावंसं वाटलं, पण राणीचा नेम नाही आणि अम्मीचा तर नाहीच. म्हणून मी न वळताच विचारलं,

"मागं येताय न्हवं?"

पाठीमागे हसू दाबल्याचा आवाज आला, मग बरगडी दुखल्याचा. तो काही बोलायच्या आधी वरूनच उत्तर आलं.

"येतोय गं," अम्मी म्हणाली. "तू फुडं बघून चाल."